जे आधी होईल ते

"हात मागे! झाकणाला हात लावू नका!"

मागून कुणीतरी एवढ्या मोठ्यांदा ओरडलं की तिच्या हातातलं ओलं फडकं खाली पडलं. बाईसाहेबांच्या बॉनेटमधून वाफ निघत होती आणि ती रेडिएटरचं झाकण उघडायला निघाली होती. बाईसाहेब म्हणजे तिच्या वडिलांची जुनी गाडी. वडील गेले, गाडी आणि तिचं नाव मागे राहिलं. आज भर रस्त्यात तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला, तशी तिने दिसेल त्या फाटकातून गाडी आत घातली होती. ते निघालं ग्रंथालयाच्या मागच्या अंगणाचं. तिथे दहा-बारा माणसं हातात वह्या घेऊन उभी होती आणि त्यांच्यातून एक उंच माणूस हात पुसत धावत येत होता.

"उकळतं पाणी तोंडावर उडालं असतं," तो धापा टाकत म्हणाला. "इंजिन गरम असताना हे झाकण उघडायचं नाही. कधीच नाही."

"मग काय करायचं?"

"काही नाही. थांबायचं."

"किती वेळ?"

"अर्धा तास तरी..." मग जरा ओशाळून, "ओरडलो... राग नाही ना आला?"

"राग कसला? तोंड वाचलं."

"हो, वाचवण्यासारखंच..." तो बोलून गेला आणि पुढचं पूर्ण मिनिट रेडिएटरकडे बघत उभा राहिला.

जुनी गाडी घरच्या घरी कशी सांभाळायची, याचा तो वर्ग होता. आठवडाभर तो बस डेपोत इंजिनं दुरुस्त करायचा आणि रविवारी सकाळी हौसेने लोकांना शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. त्या दिवशी वर्गाचा शेवटचा धडा होता, इंजिनाचं तेल बदलण्याचा. पण ज्यांच्या गाडीवर धडा व्हायचा त्या गृहस्थांची गाडी घरूनच निघाली नव्हती. मास्तर तेलाचा डबा घेऊन नुसतेच उभे होते आणि तेवढ्यात बाईसाहेब वाफा सोडत दारात हजर झाल्या.

"तुमची गाडी धड्याला घेऊ का?" त्याने विचारलं.

"घ्या ना. पण काम मी करणार. तुम्ही नुसतं सांगायचं."

अर्धा तास दोघं पायरीवर बसली. इंजिन थंड होत होतं. बाकी काय होत होतं ते तिला नंतर कळलं. मग त्याने दाखवलं, की पाण्याच्या पाइपची क्लिप सैल झालीय, एवढंच दुखणं आहे. तिने स्क्रूड्रायव्हरने ती आवळली आणि रेडिएटरमध्ये पाणी भरलं. मग पोत्यावर आडवी होऊन गाडीखाली गेली आणि मास्तर शेजारी उकिडवे बसून सांगत राहिले.

"तेल कोमट असतानाच काढायचं. थंड तेल उतरायला नखरे करतं. हळूच फिरवा... हळू... हं, आता हात बाजूला."

काळंकुट्ट तेल धारेने घमेल्यात पडलं. तिच्या गालावर एक थेंब उडाला. त्याने फडकं पुढे केलं, मग मागे घेतलं, मग दुसरं स्वच्छ फडकं शोधून आणलं. त्या शोधाशोधीत तिला का कोण जाणे, फार बरं वाटलं.

नवं तेल भरून झाल्यावर त्याने मीटर पाहिला आणि एका चिठ्ठीवर लिहिलं: पुढचं तेल — ९१,३४०. लिहिताना त्याने चिठ्ठी हातभर लांब धरली होती.

"तुम्हाला चष्मा लागलाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"आणखी लांब धरलीत तर हात पुरायचा नाही. मी डोळे तपासते, चष्म्याच्या दुकानात. दाखवून घ्या एकदा."

सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले आणि म्हणाले, "घेईन." कुठे, हे त्याने विचारलं नाही आणि कुठे, हे तिनेही सांगितलं नाही. दोन शहाणी माणसं समोरासमोर आली की अक्कल कुठे चरायला जाते, देव जाणे.

काचेच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवत तो म्हणाला, "आता पाच हजार किलोमीटरनंतर या. वर्ग आज संपला, पण रविवारी सकाळी मी इथे असतो."

"आणि त्याआधी आले तर?"

"त्याआधी गाडी अडली, तर मी शिकवलेलं फुकट गेलं म्हणायचं."

तो चेष्टेत म्हणाला होता. पण काही माणसं चेष्टा घरी घेऊन जातात आणि जपून ठेवतात. ही त्यातलीच. शिवाय मानी. तेल संपलेलं नाही, काही तुटलेलं नाही, मग कुठल्या तोंडाने जायचं?

त्या संध्याकाळी तिने हिशेब मांडला. घरापासून दुकान तीन किलोमीटर. जाऊन-येऊन सहा. रविवारी सुट्टी धरली नाही तरी पाच हजार व्हायला सव्वादोन वर्षं लागणार होती.

सव्वादोन वर्षं! ती पलंगावर बसून राहिली. सकाळी भेटलेल्या माणसासाठी जीव असा कासावीस व्हावा, हे तिचं तिलाच पटेना. पण झाला होता, त्याला काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेब पहाटे निघू लागल्या. घरामागून निघून तळ्याला पूर्ण वळसा घालून परत यायचं. बरोबर चोवीस किलोमीटर. निघण्याआधी ती मास्तरांनी सांगितलेलं सगळं करायची. गाडी सपाट जागी उभी करून तेल मोजायची कांडी पुसायची, पुन्हा बुडवायची, तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना बघायची. टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासायची. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली, तर गरम पाण्यात सोडा घालून घासून काढायची. एवढी सेवा झाल्यावर बाईसाहेब कशाला बिघडतात? एकदा नुसता इंजिनाचा पट्टा किंचाळला, तर हिला केवढा आनंद! पण दव होतं ते. ऊन आल्यावर पट्टा गप्प झाला आणि ही हिरमुसून बसली.

चौथ्या दिवशी आत्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. वडिलांची ही धाकटी बहीण टेलिफोनच्या कचेरीत आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून देऊन निवृत्त झाली होती. तिच्यापासून काही लपत नसे.

"गाडीला एवढं कुठे हिंडवतेस गं?"

"इंजिन चालू राहिलेलं बरं असतं, आत्या. जुन्या गाडीला."

"इंजिनाला बरं असतं, होय!" आत्याने काचेवरची चिठ्ठी वाचली, मीटर वाचला आणि भाचीचं तोंडही वाचलं. "आणि हे अक्षर कुणाचं?"

तिने सांगितलं. सांगताना तळ्याचा अर्धा वळसा झाला.

"अगं, मग रविवारी सरळ जा ना! दोन पायांवर जा."

"आणि काय सांगू? गाडी उत्तम आहे, मी बरी नाही, असं?"

"मी हजारो फोन जोडलेत," आत्या म्हणाली. "रिंग एकीकडूनच वाजत राहिली की फोन लागला असं म्हणत नाहीत. त्याला तुझा नंबर तरी माहीत आहे का?"

माहीत नव्हता. ही गोष्ट तिला त्या क्षणी लख्ख कळली. तो येऊच शकत नव्हता. जायचं होतं ते तिनेच, आणि मीटर तर मुंगीच्या पावलांनी चालला होता.

महिने गेले. कधी धुकं असायचं, कधी भुरभुर पाऊस... वायपर एका लयीत हलायचे आणि तिला पायरीवरचा तो अर्धा तास आठवायचा. तो नेमकं काय बोलला होता, यातलं निम्मं आता खरं होतं आणि निम्मं तिने घडवलेलं. दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हेच तिचं काम. काळे, घारे, थकलेले, मोतीबिंदू धरलेले... दार वाजलं की ती मान वर करायची. येणारा दुसराच कुणीतरी असायचा. त्याचा काय दोष? ती त्यालाही हसून बसायला सांगायची.

सहा महिने होत आले आणि एका रविवारी सकाळी तळ्याच्या वळणावर मीटरचे आकडे सरकले: ९१,३४०. आता रोजच शेजारच्या सीटवर असणाऱ्या आत्याने टाळ्या वाजवल्या. तिने गाडी तशीच ग्रंथालयाकडे वळवली.

अंगण रिकामं होतं. पायरीवर सुकलेली पानं पडली होती.

"मास्तर?" पहारेकरी म्हणाला. "ते आता कुठे येतात? दोन महिने झाले. त्यांच्या डोळ्यांचं काहीतरी निघालंय म्हणतात. रविवार आला की डोळे दाखवत फिरतात."

"फार... फार झालंय का?"

"देव जाणे बाई. एका ठिकाणी गुण आला असता, तर इतकी दुकानं कुणी पालथी घातली असती का?"

ती परत फिरली. एवढे दिवस ती भेटीसाठी झुरत होती, आता त्याच्या डोळ्यांसाठी जीव खाली-वर व्हायला लागला. मी डोळे तपासणारी, आणि मीच पत्ता सांगितला नाही! लांब धरलेली ती चिठ्ठी... चष्म्याचा साधा नंबर असेल असं वाटलं होतं. दुसरंच काही असलं तर? त्या रात्री तिला झोप लागली नाही. आत्यानेही थट्टा केली नाही.

सोमवारी दुकान उघडून तासही झाला नव्हता. ती आतल्या खोलीत भिंगांची पेटी लावत होती. बाहेरून मालककाका म्हणाले, "पेशंट आलाय गं." खुर्ची करकरली.

"समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचा," ती पाठमोरीच म्हणाली. "वरून सुरुवात करा."

पेशंटने वरची ओळ वाचली. दुसरी, तिसरी, आणि मग शेवटची बारीक ओळसुद्धा एका दमात, पाढे म्हणावेत तशी म्हणून टाकली.

"एवढं लांबचं स्वच्छ दिसतंय, मग आलात कशाला?"

"दिसतंय कुठे? पाठ झालंय. नऊ दुकानांत हीच पाटी आहे."

तिच्या हातातलं भिंग पेटीत पडलं. ती वळली. मास्तर खुर्चीत बसले होते, डोळे मिटून.

"डोळे उघडा," तिचा आवाज चिरकला. "आधी उघडा ते! काय झालंय डोळ्यांना?"

त्याने उघडले. चांगले, निरोगी डोळे होते. तिला रडू फुटेल असं वाटलं.

"काही झालेलं नाही," तो घाईने म्हणाला. "म्हणजे चष्मा लागलाय, तो लागलाच आहे. पण मी तुम्हाला शोधत होतो. माझी एक चूक झाली. त्या दिवशी तुम्हाला अर्धंच सांगितलं मी. जुन्या गाडीचं तेल पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. गाडी नुसती उभी राहिली तरी तेल जुनं होतं. बारा वर्षं शिकवतोय... हे कधी विसरलो नव्हतो. त्याच दिवशी कसा विसरलो..."

"म्हणून नऊ दुकानं?"

"मला रविवारचीच सुट्टी. तुमचं दुकान रविवारी बंद. तीनदा शटर बघून परत गेलो. बाकी सगळी झाली, हेच उरलं, म्हणून आज रजा टाकली."

"सहा महिने व्हायला अजून नऊ दिवस आहेत," ती म्हणाली.

तो हळूच म्हणाला, "तुम्ही... दिवस मोजलेत?"

"किलोमीटर मोजले. काल पाच हजार झाले."

"पण तुमचं घर तर कामापासून तीन किलोमीटरवर! तुम्हीच पायरीवर बसून सांगितलं होतंत. मी हिशेब केला होता, सव्वादोन वर्षं—"

"मीही तोच केला होता."

बाहेर मालककाका खोकले. ते विनाकारण खोकत नसत.

तिने पट्टी उचलली. चष्मा करायचा तर दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागतं, ते तिने रोज पन्नासदा मोजलेलं होतं. ती त्याच्यासमोर बसली, पट्टी त्याच्या नाकावर टेकवली.

"माझ्या डाव्या डोळ्यात बघा."

त्याने पाहिलं.

"आता उजव्या."

"बघतोय."

तिने दोनदा मोजलं आणि दोनदा वेगळं आलं. "हलू नका ना!"

"मी हललोच नाही," तो म्हणाला. "हात तुमचा हलतोय."

खरं होतं ते. तिने पट्टी खाली ठेवली. "सहा महिने रोज पहाटे तळ्याला वळसा घालत होते. तुमच्याकडे यायला कारण हवं होतं म्हणून. झालं समाधान?"

"मला वाटलं होतं... माझ्याकडे तर ते एकच कारण होतं. विसरलेलं वाक्य. ते सांगून झाल्यावर काय करायचं, याचा विचारच केला नव्हता. आता काय करू?"

"काही नाही. थांबायचं," ती म्हणाली. "चष्म्याला अर्धा तास लागतो."

चष्मा तयार झाला. तो डोळ्यांवर चढवून त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. तेवढ्यात तिने मालककाकांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली, आणि त्यांनी खोकतच दिली.

बाहेर बाईसाहेब उभ्या होत्या. त्याने काचेवरची चिठ्ठी काढली, जवळ धरली आणि खिशातलं पेन उघडलं.

"तेल बदललं की नवा आकडा लिहावा लागेल. किती लिहू?"

"काही लिहू नका," ती म्हणाली. "आता तुम्हीच रोज बघत जा."

पेन तसंच राहिलं. त्याचे कान लाल झाले. मग त्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, अगदी वरच्या खिशात, आणि तिच्या हातातली किल्ली न मागता शेजारच्या, आत्याच्या सीटवर जाऊन बसला.

"पण तेल काढायच्या आधी इंजिन कोमट व्हायला हवं," तो म्हणाला. "दहा-बारा किलोमीटर तरी चालवावी लागेल."

"चोवीस चालतील?" तिने विचारलं आणि गाडी तळ्याकडे वळवली.