झुरक्यांचा आकडा

वाल्मिक रामटेकेला बॅटऱ्या कळत. माणसं त्याला जेमतेमच कळत, पण बॅटरीच्या बाबतीत आपला हात धरणारा ओटावाच्या अख्ख्या कनाटा उपनगरात कुणी नाही असं त्याचं मत होतं, आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. वीज गेली की टेलिफोनचे मनोरे ज्या बॅटऱ्यांवर तग धरतात, त्यांची परीक्षा घेण्याची त्याची नोकरी होती. दिवसभर तो त्यांना गारठवायचा, तापवायचा, कोण किती टिकतं ते लिहून ठेवायचा आणि संध्याकाळी समाधानानं घरी यायचा.

व्यसनांच्या बाबतीत मात्र गड्याची सगळी शिस्त पार पातळ होती. नागपुरात कॉलेजात असताना सुपारी-तंबाखूचा खर्रा. कॅनडात खर्रा मिळेना म्हणून सिगरेट. सिगरेट सोडायची म्हणून व्हेप, म्हणजे बॅटरीवरची सिगरेट. दर वेळी 'हे शेवटचं'. त्याची बायको दीपा त्याच कॉलेजातली. तिचे वडील खर्रा खाऊन खाऊन तोंडाच्या कॅन्सरनं गेले होते, आणि शेवटच्या दिवसांत त्यांना चमच्यानं पाणी पाजायचं काम तिच्याकडे होतं. त्यामुळे गेल्या जुलैत गॅरेजमध्ये विंटर टायर्सच्या पिशवीत तिला वाल्मिकचा व्हेप सापडला, तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही. पुढच्याच महिन्यात तिनं हॅलिफॅक्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं आणि सात वर्षांच्या अवनीला घेऊन ती निघाली.

निघताना तिनं अट घातली. व्हेप फेकायचा नाही, कारण फेकणारे दुसऱ्या दिवशी नवा आणतात. तो डोळ्यांसमोर ठेवायचा, चार्ज करून ठेवायचा, आणि ओढायचा नाही. त्याच्या बोटभर स्क्रीनवर आजवरच्या झुरक्यांचा एकूण आकडा दिसायचा. तो होता अकरा हजार चारशे ब्याऐंशी.

"दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला हा आकडा दाखवायचा," दीपा म्हणाली. "हलला नाही तर जानेवारीत आम्ही परत येतो. हलला, तर मी तिथंच पर्मनंटला अप्लाय करते."

दुसरा कुणी असता तर या अटीनं कुढला असता. वाल्मिकला ती आवडली. यात मोजायला आकडा होता आणि सांभाळायला बॅटरी होती, म्हणजे हे तर त्याचंच खातं. त्यानं व्हेप स्वयंपाकघरातल्या फळीवर, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवला. चार्ज चाळीसच्या खाली जाऊ द्यायचा नाही आणि ऐंशीच्या वर चढवायचा नाही, कारण पोट तुडुंब भरून ठेवलं की बॅटरी लवकर म्हातारी होते आणि उपाशी ठेवली की मरते. गार खिडकीशी ठेवायची नाही. वायर तिची तिलाच. पहिला महिना हाताला चाळा हवा म्हणून त्यानं पोळ्या शिकून घेतल्या. ऑक्टोबर उजाडेपर्यंत पोळ्या गोल व्हायला लागल्या, तलफ गेली, जिभेला चव आली. व्हेपचा चार्ज महिन्याला दोन टक्के उतरायचा, तेवढा तर न वापरलेल्या कुठल्याही बॅटरीचा उतरतो. आकडा जागचा हलला नव्हता. वाल्मिक सुखात होता, आणि आपण सुखात आहोत हे त्याला कळतही होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी अठ्ठ्याहत्तर असलेला चार्ज मंगळवारी सहासष्टवर आला.

सेल म्हातारा झाला असेल, असं त्याला वाटलं. लॅबमध्ये त्याच्या शेजारी बसणाऱ्या पुण्याच्या नंदूनं सेल काढून तपासला आणि सांगितलं की याची तब्येत तुझ्यापेक्षा चांगली आहे. गुरुवारी चार्ज बेचाळीस झाला. तेव्हा कुठे वाल्मिकनं आकड्याकडे पाहिलं. अकरा हजार पाचशे पंधरा. तेहेतीस जास्त. त्यानं आतला द्रवाचा पॉड उजेडात धरून बघितला, तर तो रेघेपर्यंत भरलेला होता, थेंबभरही कमी झाला नव्हता.

शुक्रवारी सकाळी सात वाजता तो चहा घेत बसला होता. बाहेर नुकतं फटफटलं होतं, शेजाऱ्याच्या गाडीवर पातळ बर्फ होता. फळीवरच्या व्हेपच्या टोकाचा दिवा लागला. तीन सेकंद. मग विझला. विसेक सेकंदांनी पुन्हा लागला. वाल्मिक कप हातात धरून मोजत राहिला. अकरा वेळा. शेवटचा जरा लांबला, कामावर आत शिरण्याआधी माणूस घाईनं ओढतो तसा. हा ठेका त्याच्या ओळखीचा होता, इतकी वर्षं तो स्वतः असाच ओढत आला होता. धूर मात्र एकदाही बाहेर आला नाही. जे कोण ओढत होतं, ते सोडत नव्हतं.

सेन्सर बिघडला असणार, असं तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला. त्याच उन्हाळ्यात ओटावाच्या आंबेडकर मंडळात त्यानं अंधश्रद्धेवर तासभर भाषण दिलं होतं. ज्याचं कारण आज सापडत नाही त्याचं उद्या सापडतं, असं त्यानं ठासून सांगितलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या.

रविवारी आकडा अकरा हजार पाचशे अठ्ठेचाळीस होता. त्यानं दीपाला खरं ते सांगितलं. बोलता बोलता आपलं बोलणं किती पोकळ वाटतंय हे त्याचं त्यालाच ऐकू येत होतं.

"मी खरं सांगून राहिलो, दीपा. मी हात नाही लावला."

तिनं पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबाही असंच म्हणायचे. डबी उशीखाली असायची तेव्हाही." आणि तिनं फोन अवनीकडे दिला.

वाल्मिकनं अवनीशी कसंबसं बोलून फोन ठेवला. पण तो हातपाय गाळून बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं साधा हिशोब केला. बॅटरीच मेली तर दिवा लागणार नाही आणि आकडाही हलणार नाही. फक्त रविवारी सकाळी पाच टक्के चार्ज द्यायचा, आकडा दाखवायचा, पुन्हा मरू द्यायचा. बॅटरीला उपाशी मारणं त्याच्या जिवावर आलं, पण बायको-पोरीपुढे बॅटरी ती काय. मंगळवारी स्क्रीन काळी झाली.

बुधवारी सकाळी सात वाजता तो बेसमेंटमधून धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन वर येत होता. त्यानं श्वास घेतला आणि तो छातीत पोचलाच नाही. ओठांच्या आतच कुणीतरी तो काढून घेतला. तीन सेकंद. मग सुटका झाली. विसेक सेकंदांनी पुन्हा. तो टोपली सोडून पायरीवर बसला. दुखत काहीच नव्हतं, गळा आवळला जात नव्हता. घास तोंडाशी न्यावा आणि कुणी सवयीनं तो आपल्या हातातून घ्यावा, एवढंच. अकराव्यानंतर सगळं ठीक झालं.

वॉक-इन क्लिनिकच्या डॉक्टरीणबाईंनी बोटाला यंत्र लावलं. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव, फुप्फुसं स्वच्छ. सोडलंत ते फार छान केलंत, असं म्हणून त्यांनी त्याची पाठ थोपटली.

गुरुवारी ते ऑफिसच्या कॅफेटेरियात झालं. नंदू सुट्टीचे बेत सांगत होता आणि वाल्मिक मान डोलवत अकरापर्यंत मोजत होता. शुक्रवारी बावीस वेळा झालं. शेवटच्या दोनचारांच्या मध्ये वीस सेकंदही मिळाले नाहीत. त्याला खरंखुरं भय वाटलं, लहानपणी विहिरीत बुडताना वाटलं होतं तसलं. तो अर्ध्या दिवसानं घरी आला, बूट न काढता फळीपाशी गेला आणि व्हेपला वायर जोडली.

पाच टक्क्यांवर टोकाचा दिवा लागला. त्याच क्षणी वाल्मिकचा श्वास तळापर्यंत गेला. त्याला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि ज्यानं कुणी त्याला सोडलं होतं त्याच्याविषयी थोडी कृतज्ञताही वाटली. ती वाटली याची त्याला फार लाज वाटली.

त्यानंतर त्यानं चार्ज कधी चाळीसच्या खाली जाऊ दिला नाही.

दीपाचा प्रश्न त्यानं निराळ्या वाटेनं सोडवला. नंदू कामासाठी हॅलिफॅक्सला निघाला होता, त्याच्याबरोबर त्यानं पॉड काढून दीपाकडे पाठवून दिला. पॉडशिवाय व्हेप म्हणजे नुसती दांडी. ओढायला आत काहीच नाही, आणि सर्किटही पुरं होत नाही, असं नंदूनं छातीठोक सांगितलं होतं. पुढच्या रविवारी सकाळी सातला वाल्मिकनं कॅमेरा व्हेपवर रोखला आणि स्वतः दोन हात वर करून बाजूला उभा राहिला. दिवा लागला. अकरा हजार सहाशे एकोणसाठ. दिवा विझला, पुन्हा लागला. सहाशे साठ.

दीपाच्या हातात पूर्ण भरलेला पॉड होता. ती आधी स्क्रीनकडे, मग पॉडकडे बघत राहिली आणि हसतच सुटली. चायनीज माल, सेन्सरच गेला आहे, असं म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "चुकलं माझं. मी तुला बाबांच्या रांगेत बसवलं." आणि थोड्या वेळानं, "येतो आम्ही."

श्वासाचं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. ते त्याच्या ओठांवर आलंही. पण काय सांगणार? चार्ज दिला नाही तर काहीतरी माझा श्वास ओढतं, म्हणून मी त्याला रोज खाऊ घालतो? तासभर टाळ्या घेतलेला माणूस हे कुठल्या तोंडानं सांगेल? सेन्सर बिघडला आहे हे दीपाला पटलं होतं, आणि तेवढ्यावर संसार पुन्हा उभा राहत होता. त्यानं परतीच्या तिकिटांचं विचारलं.

जानेवारीत त्या दोघी आल्या. घरात पुन्हा आवाज झाला, वॉशरूमपुढे रांग लागली, अवनीचे ओले हातमोजे हीटरवर वाळत पडू लागले. वाल्मिकच्या गोल पोळ्या पाहून दीपानं कमरेवर हात ठेवले आणि यापुढे पोळ्या तुझ्याकडे, असं जाहीर केलं. सकाळी सात वाजता फळीवर दिवा लागायचा तेव्हा तो मुद्दाम तिकडे पाठ करून चहा गाळायचा. हा व्हेप अजून कायले चार्ज करून राहिला, असं दीपानं एकदा विचारलं. सवय, तो म्हणाला, आणि तिनं ते सोडून दिलं. इतके चांगले दिवस त्यांच्या संसारात पूर्वी आले नव्हते.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दोघं अवनीला शाळेतून आणायला गेली. उणे अठरा होतं, ऊन लख्ख होतं. गाडी लावून दोघं फाटकाशी उभी राहिली. दीपानं त्याच्या हातात हात घातला.

"एक सांगू? सकाळी मी तो व्हेप हार्डवेअरच्या दुकानातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत टाकून आले."

वाल्मिकनं वळून तिच्याकडे पाहिलं.

"बिघडलेली लिथियम बॅटरी, घरात लहान पोरगी. आणि खरं म्हणजे," ती खाली बघून म्हणाली, "मला आता पुरावा नको. तू सांगशील ते खरं."

हे ऐकायला तो सहा महिने झुरला होता.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

"नऊला असेल. का?"

आता सव्वातीन झाले होते. पेटीत ती किती टिकेल ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि तिथं तिला चार्ज द्यायला कुणीच नव्हतं. आज सकाळी तिला चार्ज मिळाला नव्हता, आणि काल ती बेचाळीसवर होती.

त्यानं तोंड उघडून श्वास घेतला. तो सरळ आत गेला.

पुन्हा घेतला. गेला.

त्यानं सावकाश सोडला. तोंडातून पांढरी वाफ निघाली, लांब, भरपूर, आणि उन्हात विरली. तीन सेकंद झाले, वीस झाले. पूर्ण मिनिट झालं. कुणी काही ओढलं नाही.

संपलं, त्याला वाटलं. घराबाहेर गेलं ते गेलं. त्यानं दीपाचा हात इतका घट्ट दाबला की ती त्याच्याकडे बघून हसली.

घंटा झाली. पोरं बाहेर लोटली, ओरडत, ढकलत, प्रत्येकाच्या तोंडापुढे वाफेचा गोळा. दारात उभ्या बाईंच्याही.

अवनी टोपी हातात घेऊन पळत आली आणि पोचण्याआधीच बोलायला लागली. वर्गात कोणाचा दात पडला, कोण रडलं, तिनं तो कसा शोधून दिला. "बाबा, अँड देन, यू नो व्हॉट..."

गाल लाल, डोळे चमकत होते. ती धापा टाकायला हवी होती.

तिच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती.

वाल्मिक खाली वाकला. हातमोजा काढून त्यानं उघडा तळवा तिच्या ओठांसमोर धरला. ती बोलतच होती. तळव्याला काहीच लागलं नाही, ऊबही नाही.

"बघ किती बोलते," दीपा मागून कौतुकानं म्हणाली, "दम म्हणून लागत नाही पोरीला."