पाठीवरची कॅप्सूल

पहिल्याच भेटीत मी त्याला शर्ट काढायला लावला! आता एमआरआय काढणारी मुलगी दुसरं काय सांगणार? त्याच्या उजव्या खांद्यामागे लिंबाएवढी गाठ होती, आणि तो दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्या खांद्यावरच त्याचं पोट चालायचं.

"अंगात कुठे स्क्रू, पट्टी? बोटात अंगठी?" मी अर्जावरचे प्रश्न वाचले.

"अंगठी नाही... अजून कुणी घातलीच नाही."

"हे मशीनला हवंय, मला नाही."

"मग मशीनला सांगा, जागा रिकामी आहे—"

मी हसू दाबलं. चित्रात गाठीची जागा ओळखू यावी म्हणून तिच्यावर तेलाची एक कॅप्सूल चिकटवली. माझी बोटं गार होती. तो शहारला... आणि खरं सांगू? मीही.

पण पडद्यावर चित्र उमटलं आणि मी ते पुन्हा मोठं करून पाहिलं. गाठ चरबीची, तरी साध्या चरबीसारखी दिसेना. आत नुसत्या रेघा. कॅन्सरही असाच दिसू शकतो.

बाहेर येताच त्याने विचारलं, "काय आहे हो?"

"रिपोर्ट डॉक्टर सांगतील." आमचा नियमच आहे, हसायचं नाही, कपाळाला आठीही पाडायची नाही. मी दगडासारखी उभी राहिले, आणि त्या नादात कॅप्सूल काढायचीच विसरले.

गाठीत सुई घालून तुकडा तपासायला पाठवलाय, एवढंच नंतर कळलं. पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

सोळाव्या दिवशी तो दारात उभा! हातात काडेपेटी, आणि काडेपेटीत माझी कॅप्सूल.

"माझा हात काही तिथवर पोचेना. त्याच रात्री ताईनं पाहिली, आणि 'अगं बाई, दुसरी उगवली!' म्हणून घर डोक्यावर घेतलं."

"ते राहू दे. रिपोर्ट?"

त्याचा चेहरा एकदम दगडी. "रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

"नका ना असं करू!" मी ओरडलेच. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

तो घाबरला. घाईघाईनं कागद पुढे केला. "साधी गाठ आहे हो! दुर्मिळ, पण निरुपद्रवी. थंडीभर झोपणाऱ्या प्राण्यांच्या अंगात असते ना, तसली चरबी म्हणे. काढली की संपलं. ताई मला लहानपणापासून अस्वल म्हणते, आता डॉक्टरांनीच सही केली!"

रडता रडता मला हसू फुटलं. जीव अगदी भांड्यात पडला.

"एवढी काळजी... माझी?" त्याने हळूच विचारलं.

"चेहऱ्यावर दिसत नाही का?"

"दिसतंय. पण रिपोर्ट तोंडी हवाय."

"आवडता तुम्ही मला," मी सांगून टाकलं. हा रिपोर्ट मात्र मी कुठल्याच डॉक्टरांना न विचारता दिला.