मुंबई ते लंडन, पाच तास

प्रेमाला अंतर नसतं, काळ नसतो, सीमा नसते. स्वप्नीलच्या प्रेमाला मात्र सात हजार दोनशे किलोमीटरचं अंतर होतं, आणि काळाची तर त्यानं स्वतःच वजाबाकी चुकवली होती.

जळगावात त्याचं बसबुकिंगचं दुकान. पुणे, सुरत, इंदूर. त्यापुढे त्याचं जग जात नव्हतं. मे महिन्यातल्या एका दुपारी हेमांगी आत शिरली ती केवळ कुलरसाठी. ओढणीनं कपाळ टिपत दोन मिनिटं उभी राहिली. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून विचारलं,

“भाऊ, मुंबईहून लंडनला किती वेळ लागतो हो?”

‘भाऊ’ त्याला झोंबलं. तरी त्यानं कॉम्प्युटरवर पाहिलं. विमान दुपारी एकला सुटतं, सहाला पोचतं. जन्मभर बसच्या वेळा पाहिलेल्या माणसानं सहातून एक वजा केला.

“पाच तास,” तो ऐटीत म्हणाला. “पुण्याला जास्त लागतात.”

हेमांगी नर्स. तिकडे दोन वर्षांची नोकरी लागली होती. पण नरडाण्याजवळच्या गावी आई, प्रमिलाबाई, एकटी. ती पोरीला लांब सोडेना. पाच तास ऐकून मात्र तयार झाली.

मग तिकीट आणि कागदपत्रांच्या निमित्तानं हेमांगीच्या खेपा सुरू झाल्या. जूनमध्ये ‘भाऊ’ गळालं. ऑगस्टमध्येही ती आली.

“कुलर बंद आहे आता,” तो म्हणाला.

“मग काय, तुम्हाला बघायला आले?”

“तसंही… चालेल.”

ती हसली. अंगठ्यानं टेबलाची कड पुसत राहिली, टेबल स्वच्छ असूनही.

त्याच संध्याकाळी तिच्या तिकिटावर त्याला दिसलं: प्रवास, साडेनऊ तास. लंडनची घड्याळं आपल्यामागे चालतात, हे कोणत्याही बसवाल्यानं त्याला सांगितलं नव्हतं. गप्प राहावं, तर आईची फसवणूक. सांगावं, तर आई पोरीला अडवणार… आणि त्याला तेच तर हवं होतं! खरं बोलण्यात आपलाच फायदा असला, की माणसाला खरं बोलायची लाज वाटते.

तरी रविवारी त्यानं मोटरसायकल काढली.

प्रमिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “मंग आते सांगाले का उना?”

“ती राहिली तर मला आवडेल, अक्का. म्हणूनच… सांगायला जड जात होतं.”

आत हेमांगीच्या हातून ताटली पडली.

प्रमिलाबाईंनी आवाजाच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, “लगीनमा आसोद्याथून आठे यावाले माले बठ्ठा दिवस लागना. किती लांब शे, ते कोनी सांगंच नही. तू सांगं, भाऊ. उपकार शेत तुना. जाऊ दे पोरले.”

हेमांगी त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. डोळे ओले.

“नाहीतर आईला फसवून गेले असते मी. कसे आभार मानू?”

“दोन वर्षांनी येशील ना?”

“येईन. थांबाल?”

“आमच्या धंद्यात सगळे थांबतात. गाडी येईपर्यंत.”

तिनं हँडलवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. “अजून एक… मागू?”

“माग ना!” तिनं जीव मागितला असता तरी त्यानं तिथल्या तिथे काढून दिला असता.

“सामानात तीन किलो वाढवून मिळतील का हो? आईच्या ज्वारीच्या बिबड्या बसत नाहीयेत.”