उशिराची कळ

आमच्या दवाखान्यात नसांच्या तपासणीच्या खोलीत एक शिस्त आहे. तापणारी चकती पेशंटच्या कातडीला लावण्याआधी स्वतःच्या हाताला लावून बघायची. बाकीचे ‘बघितली’ म्हणतात आणि बघत नाहीत. मी मात्र रोज सकाळी डाव्या मनगटाच्या वर चटका घेतो. स्वभावाला औषध नाही.

चटका खरं तर दोनदा लागतो. कातडीतल्या काही नसांवर आवरण असतं, त्या झटक्यात बातमी पोचवतात. टोचल्यासारखी, एकदम स्पष्ट. दुसऱ्या अगदी बारीक आणि उघड्या. त्यांची ठसठस मागून रमतगमत येते. माझ्या मेव्हण्यासारखी, उशिरा येणार आणि मुक्काम ठोकणार.

एक दिवस ती ठसठस आलीच नाही. चकती पुन्हा लावली. टोचलं, आणि पुढे शुकशुकाट. यंत्र बिघडलं असेल म्हणून शेजारच्या टेबलावरच्या बाईंना लावून बघितली. त्यांची दोन्ही दुखणी जागेवर होती, शिवाय तोंडही.

घरी आलो तर बायको डाव्या हातावर बर्फ धरून बसलेली. कुठे भाजलं नाही, लागलं नाही, सकाळपासून हात नुसता धगधगतोय म्हणाली. मी शहाणपणाने बादल्या कमी उचलायचा सल्ला दिला. घरात आम्ही दोघंच. मूल व्हावं म्हणून वर्षानुवर्षं दवाखाने झिजवले, आणि शेवटी ती छोटी खोली इस्त्रीच्या टेबलाला देऊन टाकली. तेव्हापासून त्या विषयावर आम्ही बोलत नाही. एकमेकांना दुखवायचं नाही, एवढंच सांभाळतो.

पण शंका जाईना, म्हणून रविवारी स्वयंपाकघरात उभं राहून मी स्वतःच्या कोपराला सणसणीत चिमटा काढला. बाहेरून आवाज आला, “अहो, काय चाललंय? कोपर दुखतंय माझं!”

सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे टोचणं तुमचं आणि ठसठस माझी? लग्नात असं ठरलं नव्हतं.”

मला खरंच लाज वाटली. पण पुढच्याच आठवड्यात तिचं बोट खणात सापडलं. ती ‘आई गं’ म्हणून कामाला लागली आणि इकडे पेशंटसमोर माझं बोट संध्याकाळपर्यंत ठणकत राहिलं. फिटंफाट. मग मी टेबलाच्या पायांना फडकी गुंडाळली, ती चिमट्याशिवाय भांडं उचलेना. इतकी काळजी आम्ही नव्या नवलाईतही घेतली नव्हती.

एका संध्याकाळी चहा पिताना दोघांचाही उजवा गुडघा एकदमच ठसठसू लागला.

“कुठे धडपडलात?” तिने विचारलं. मी म्हटलं, तूच आपटली असशील. यावरून रीतसर भांडण झालं. टोचलं दोघांपैकी कोणालाच नव्हतं, आणि दोघांचेही गुडघे कोरे.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला तळहात. मग हनुवटी. मग कोपर. माझा जन्म दुखणी मोजण्यात गेला. मोठ्या माणसाची कंबर धरते, मान अवघडते. हनुवटी आणि गुडघे फुटतात ते पळताना.

“आपल्या वयाला इतकं कोण पडतं?” मी म्हणालो.

गुडघा पुन्हा सुरू झाला तेव्हा मात्र मी घाबरलो. आमच्या डॉक्टरांकडे सुई असते, नस बधिर करता येते, उद्याच जाऊ म्हटलं.

“नको,” ती म्हणाली.

मग ती वाकली आणि स्वतःच्या कोऱ्या गुडघ्यावर हळूच फुंकर घातली.

“झालं हं. गेलं बघ.”

ठसठस थांबली. माझीसुद्धा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. तिने गुडघ्यावर एक चिकटपट्टी लावली आणि भांडी घासायला गेली.

सकाळी केर काढताना ती पट्टी मला छोट्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली सापडली. पट्टीच्या कापसावर रक्ताचा ठिपका होता. मी बायकोचा गुडघा नीट तपासला. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

तिने पट्टी माझ्या हातून घेतली, बघितली, आणि इस्त्रीचं टेबल दाराकडे ओढायला लागली.

“जरा धरा की पलीकडून,” ती म्हणाली. “कोपरे फार टोकदार आहेत याचे.”