उघडी ठेवलेली डिस्क

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी पिसिला. टोंगा बेटांवर, पांगाई गावात राहते. हे माझ्याच घरात घडलंय. रविवारी, भर दुपारी.

माझा धाकटा भाऊ फेलेती मासे धरायला गेला, तो परत आलाच नाही. होडी सापडली नाही, तोही नाही. पुरायला काही नाही म्हणून कबर नाही. आमच्यात सुतकात कमरेला चटई गुंडाळतात; वर्ष उलटलं तरी आईने ती सोडली नव्हती. त्यात तिची नजर अधू होत चाललेली. तिला एकच हवं होतं... डोळे जायच्या आत पोराला बघायचं.

त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाची एकुलती एक व्हिडिओ कॅसेट होती. खाऱ्या हवेने तिला बुरशी धरली होती.

माझा चुलतभाऊ मोआला ऑकलंडहून सुट्टीवर आला, तो डीव्हीडी रेकॉर्डर आणि कॅसेट चालवणारा कॅमेरा घेऊनच. कॅसेट उतरवून घ्यायला दुकानात कोऱ्या डिस्क दोन प्रकारच्या मिळाल्या. एक पुसून पुन्हा वापरायची, दुसरी एकदा भरली की कायमची.

"पुसता येते ती नको," आई म्हणाली. "समुद्राने पुसलं तेवढं पुरे."

मोआलाने वायरी जोडल्या आणि तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. आमच्यात बहीणभाऊ एका टीव्हीसमोर बसत नाहीत, चुलत असले तरी. मी टीव्ही बघत असले की फेलेती दाराबाहेर थांबून खोकायचा. मी मान खाली घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात जायचे, मग तो आत यायचा.

"झालं ना बर्न? आता डिस्क बंद कर!" मोआला बाहेरून ओरडला. "शेवटचं बटण दाब. नाहीतर दुसऱ्या कुठल्या प्लेअरवर चालणार नाही. आणि उघडी ठेवलीस तर पुढे काहीही रेकॉर्ड होईल. तुझं घोरणंसुद्धा!"

"नको गं बंद करू," आई म्हणाली. "फेलेती आला की त्याचं पुढचंही त्यावरच घेऊ."

माझ्याच्याने ते बटण दाबवलं नाही.

मोआला गुरुवारच्या बोटीने परत गेला. रेकॉर्डर आमच्याकडेच ठेवला, कॅमेरा मात्र त्याच्यासोबत गेला.

रविवारी चर्च झालं, भट्टीतलं जेवण झालं, गाव झोपलं. आम्ही दोघींनी डिस्क लावली. फेलेती नाचला, हसला. आई टीव्हीला नाक लावून बसली होती.

वाढदिवस संपला. पडदा काळा झाला.

आणि... पुढे काहीतरी सुरू झालं.

आमचीच खोली. आमचंच व्हरांड्याचं दार. दारात कुणी नाही.

फक्त पाणी ठिबकत होतं...

मग कुणीतरी खोकलं.

तो खोकला मी हजारांत ओळखला असता.

मोआलाला फोन केला. "मी कशाला असलं करू? वेड लागलंय का तुला?" तो म्हणाला.

पुढच्या रविवारी डिस्कवर आणखी एक तुकडा होता. तेच दार. ठिबकणं आता जवळ आलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी ते दोन्ही तुकडे संपले आणि पडदा काळाच राहिला. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात खोकला आला...

टीव्हीतून नाही. आमच्या पाठीमागून. खऱ्या दाराबाहेरून.

"पिसिला, ऊठ," आई म्हणाली.

"मी नाही जाणार, आई."

"अगं, तू बसलीयेस म्हणून तो आत येत नाहीये. किती वेळ उभं ठेवशील त्याला?"

"तो फेलेती नाहीये. फेलेती गेला, आई!"

"मग खोकलं कोण?"



पुन्हा खोकला. जरा वैतागून... मी रेंगाळले की तो खोकायचा, अगदी तसाच.

माझी मान आपोआप खाली गेली. जन्मभराची सवय. आईला एकटीला सोडून मी मागच्या दाराने निघाले.

स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं. आधी ओली पावलं. मग आई हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

"किती वाळलास रे... आणि हात का एवढे गार?"

मग काहीच नाही.

मी धावले. खोली रिकामी. टीव्हीपासून दारापर्यंत पाणीच पाणी. आईची सुतकाची चटई घडी करून बाजूला ठेवलेली.

टीव्हीवर नवा तुकडा चालू होता. आईची पाठ दिसत होती. ती दाराकडे चालली होती. एक हात वर उचललेला, उंच माणसाने धरल्यासारखा. शेजारी मात्र कुणीच नव्हतं...

आई सापडली नाही. पोलीस म्हणाले, कमी दिसायचं, समुद्रात गेली असेल.

डिस्क मी अजूनही बंद केलेली नाही. दर रविवारी लावते. नवीन काही येत नाही. पण बाहेर खोकला येतो. मी उठून स्वयंपाकघरात जाते, भिंतीला कान लावते. ओली पावलं आत येतात. एकाच माणसाची.

आईला माझ्यासोबत टीव्हीसमोर बसायला कसलीच आडकाठी नाही.

तरी ती येत नाही.