हेल्पर, दहाचा पाना

शनिवारी कामावरून परतताना पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर मोटरसायकलनं मान टाकली. बंद पडली असं नाही. इंजिन ओरडत होतं, गिअर पडत होता, पण ते ओरडणं चाकापर्यंत पोचतच नव्हतं. खालून जळका वास यायला लागला. क्लच गेला, हे सांगायला वहिनीला कुणी लागणार नव्हतं. तिनं गाडी ढकलत घरी आणली, ओसरीत स्टँडवर चढवली आणि पायरीवर टेकली. एकदा आत गेलं की सगळं सुरू होणार. त्याआधीचा एवढासा वेळ तिचा होता.

गल्लीत लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत. तिचा नवरा कारखान्यात फिटर, म्हणून त्याला सगळे फिटर म्हणत. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून वस्तरा गळाला, आणि त्याबरोबर अख्खी उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेल्या. शब्द म्हणून एकच उरला होता: नाही. चहा हवा का? "नाही," म्हणायचा आणि डावा हात कपासाठी पुढे करायचा. दुखतंय का? "नाही." आणि डोळ्यांत पाणी. डॉक्टर म्हणाले होते, तो जे बोलतो ते त्याला म्हणायचं असतंच असं नाही. वहिनी त्या एकाच शब्दाच्या पंचवीस तऱ्हा ओळखायला शिकली होती. शिकावंच लागलं.

ती इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. पहाटेची पाळी, आणि त्या वेळी बस नसते. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "ठेवून जा वहिनी, पुढच्या आठवड्यात बघू." पुढचा आठवडा! सोमवारी पहाटे काय, उडत जायचं होतं? तेव्हा तिनं ठरवलं, आपणच करू. नव्या क्लच प्लेटा कपाटात होत्या. फिटरनं धडधाकट असताना आणून ठेवलेल्या. त्याच रात्री तिनं त्या जुन्या डब्यात ऑइलमध्ये भिजत टाकल्या. हे काम तिनं पूर्वी पाहिलं होतं, नुसतं पाहिलंच नव्हतं, हाताखाली केलंही होतं. फिटर गाडीशेजारी आडवा झाला की हात मागं करून ओरडायचा, "हेल्पर, दहाचा पाना!" आणि ही मुद्दाम बाराचा द्यायची.

रविवारी दुपारी त्याला अंघोळ घातली, भरवलं, कुशीवर वळवलं, आणि ती ओसरीत आली. त्याची खाट आतल्या खोलीत, ओसरीच्या खिडकीला लागूनच होती. उशाकडची बाजू खिडकीशी. मध्ये फक्त गज आणि एक विटका पडदा. दुपार ढगाळ होती. वारा पडलेला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, आणि कुठल्या तरी घरातला पंखा सोडला तर काही ऐकूही येत नव्हतं.

तिनं खाली तसराळं सरकवून ऑइल सोडलं. काळंकुट्ट, जळकं ऑइल बारीक धारेनं पडत राहिलं. पाय ठेवायचा दांडा काढला, ब्रेकचं पेडल काढलं. किकपाशी घोडं अडलं. बोल्ट ढिला झाला, पण किक जागची हलेना. तिनं ओढली, हिसडली, ठोकली. पाठीतून कळ गेली. सकाळी त्याला उचलताना लचकलेली कंबर आता बदला घेत होती.

"नुसता ढिला करून भागत नाही. बोल्ट पूर्ण काढ. तो आत खाचेत अडकतो."

तिनं बोल्ट पूर्ण काढला. किक अलगद हातात आली. ती तिनं फडक्यावर ठेवली, दहाचा पाना उचलला, कव्हरचे बोल्ट सोडायला घेतले... आणि मग तिचा हात थांबला.

आवाज खिडकीतून आला होता. पडद्यामागून. भरदार, किंचित घोगरा, शेवटी खाली उतरणारा. दोन वर्षं जो ऐकायला ती तरसली होती, तोच.

"अहो... तुम्ही... बोललात?"

"काम कर गं. प्लेटा डब्याबाहेर काढल्या नाहीस ना? सुकतील."

पाना तिच्या हातून पडला. आत धावायचं तिच्या मनात आलं. पण अंगणात आलेला पक्षी आपण उठलो की उडतो, तसं काहीसं वाटलं तिला. हललो तर जाईल. डॉक्टर म्हणालेच होते, कधी कधी अचानक येतं परत. ती जागची उठली नाही. तिनं पाना उचलला आणि रडत रडत बोल्ट सोडायला लागली.

"समोरासमोरचे सोड. थोडे थोडे."

"माहितीये मला."

"माहितीये, पण करत नाहीस."

हे अगदी त्याचंच होतं. ती रडता रडता हसली. कव्हर निघालं. आतल्या स्प्रिंगा तिनं त्याच्या सांगण्याप्रमाणे आळीपाळीनं सोडल्या. जुन्या प्लेटा बाहेर आल्या. घासणाऱ्या जळून गुळगुळीत झालेल्या, मधल्या लोखंडी निळ्या पडलेल्या. त्या जळक्या वासातून मध्येच दुसरा एक वास आला. केसांच्या तेलाचा. फिटर कामाला जाताना लावायचा ते. ती बाटली संपून किती काळ झाला होता. खाटेवरच्या माणसाला कोण तेल लावत बसतं?

"दमलीस ना?" आवाज म्हणाला.

एवढंच. पण दोन वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. येणारा प्रत्येक जण त्याचं विचारायचा: त्याची तब्येत कशी, त्याला झोप लागते का. वहिनीचा बांध फुटला. नव्या प्लेटा एक घासणारी, एक लोखंडी अशा बसवता बसवता ती बोलत सुटली. धोबीखान्यातल्या वाफेबद्दल. रात्री तीनदा उठून कूस बदलण्याबद्दल. बसल्या जागी डोळा लागतो आणि दचकून जाग येते, त्याबद्दल. कधी कधी दाराशी उभं राहून वाटतं की असंच चालत सुटावं, त्याबद्दलही. पडद्याआड आवाज मधूनमधून "हं" म्हणत होता. ऐकत होता.

"मला माहितीये," तो म्हणाला. "मी बघतो ना रोज. त्याला उचलून उचलून तुझी कंबर गेली."

"त्याला?" तिनं नाक पुसलं, गालाला ऑइल लागलं. "स्वतःलाच तो म्हणता होय?"

कुठल्या तरी घरातल्या त्या पंख्याची घरघर थांबली होती. बहुतेक वीज गेली असावी.

"खाच बसली का बघ," तो म्हणाला. "प्लेटांवरची थाळी नीट बसली नाही तर पुन्हा सगळं उघडावं लागेल."

तिनं पाहिलं. बसली नव्हती. थोडी फिरवून बसवली, स्प्रिंगा लावल्या, बोल्ट आवळले. काम सरळ होत चाललं होतं. हातांना आपोआप सुचत होतं. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

"संध्याकाळची गोळी राहू दे आज," आवाज अगदी हळू, मायेनं म्हणाला. "कशाला उठवतेस? झोपू दे त्याला. खूप झालं... त्याचंही, तुझंही."

वहिनीनं मान वर केली. पडदा हलत नव्हता. केसांच्या तेलाचा वास आता इतका दाट झाला होता की घशाशी येत होता.

"असं काय बोलताय..."

"कव्हर लावायचं ना? एकटीला धरता यायचं नाही. थांब. मी आलो."

आत चपला सरकवल्याचा आवाज आला. मग पावलं. फरपटणारी नाहीत, एकामागून एक, सारखी, दोन्ही पायांवर भार देऊन टाकलेली. खोलीतून बाहेरच्या खोलीत. बाहेरच्या खोलीतून दाराकडे. दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी गुडघ्यांवर उठली. तिचं तोंड हसत होतं, हे तिला नंतर आठवायचं आणि अंगावर काटा यायचा.

तेवढ्यात खिडकीतून आलं,

"ना... नाही."

जड, ओला, अर्धवट. जिभेनं कसाबसा ढकललेला.

"नाही... नाही... नाही!"

पावलं दाराशी होती. आणि फिटर खिडकीशी होता.

ती दाराकडे गेली नाही. धडपडत खिडकीपाशी गेली, पडदा ओढला. फिटर उशीवरून अर्धा घसरला होता. घामानं गच्च. डाव्या हातानं त्यानं गज धरला होता आणि डोळे फाडून तो तिच्याकडे नाही, तिच्या बाजूला, दाराच्या दिशेनं बघत होता. त्यानंही सगळं ऐकलं होतं. त्याच्याच आवाजात, त्याच्याच खोलीत, सगळं. दुपारभर त्याच्याच डोक्यापाशी उभं राहून कुणीतरी बोलत होतं आणि त्याला ओरडता येत नव्हतं.

तिनं गजातून हात घातला. त्यानं तिचं ऑइलनं माखलेलं मनगट असं पकडलं की हाड दुखलं.

"हेल्पर," दारामागून आवाज आला. अजूनही तसाच गोड. "कुणाचं ऐकतेस?"

ओरडावं, पळावं, एवढं त्राण तिच्यात नव्हतं. भीतीलाही ताकद लागते. तिनं कपाळ गजांना टेकलं आणि दाराकडे न बघता म्हणाली, "जा तुम्ही. कोण असाल ते... जा. माझं माणूस इथं आहे. उचलते ना मी. अजून उचलीन. दमायचंय ते मला दमू द्या."

दार किंचित आत ओढलं गेलं, पुन्हा लोटलं गेलं. मग काही नाही. कुणाच्या तरी घरातला पंखा पुन्हा घरघरू लागला. वास विरत गेला. उरलं ते नुसतं जळकं ऑइल.

नणंद आली तेव्हा वहिनी तशीच खिडकीला टेकून बसली होती, हात गजाच्या आत. नणंद फिटरची धाकटी बहीण. दर रविवारी संध्याकाळी भावाजवळ बसायला यायची. तिनं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. कपाटाखाली दोन वर्षं धूळ खात पडलेल्या फिटरच्या चपला मात्र उंबऱ्याच्या आत, बाहेर तोंड करून, नीट जोडीनं ठेवलेल्या होत्या.

वहिनीनं तिला काय सांगितलं आणि काय नाही, कोण जाणे. पण आधी तिनं फिटरला गोळी दिली, पाणी पाजलं, कपडे बदलले. मग दोघींनी मिळून कव्हर लावलं. नणंदेनं धरलं, वहिनीनं बोल्ट आवळले. नवं ऑइल भरलं, केबल जोडली, लिव्हर जराशी ढिली ठेवली. किक मारली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. क्लच दाबून पहिला गिअर टाकला, हळूच सोडला, आणि गाडी लोण्यासारखी पुढे सरकली. फिटर खिडकीतून बघत होता. "नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडाची अर्धी बाजू हसली.

त्याच वेळी नणंदेचा फोन वाजला. तिची आई, म्हणजे फिटरची आई, लेकीकडे राहायची. पोराला खाटेवर बघवत नाही म्हणून महिनोन् महिने ती इकडे फिरकली नव्हती.

"हो आई... काय?" नणंदेनं वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "कोण आलंय? ...नीट सांग, कोण?"

वहिनीनं फोन काढून घेतला. सासूबाईंच्या आवाजात तिनं कधी न ऐकलेला आनंद होता.

"अगं, चालत आला! दोन पायांवर! हात सगळे ऑइलनं बरबटलेले. म्हटलं, कुठं होतास रे? तर म्हणतो, एका ठिकाणी हेल्परला मदत करत होतो, पण तिला माझी गरज नाही म्हणाली."

"सासूबाई, त्याला बाहेर काढा. दार लावा... ऐका माझं, तुमचा मुलगा इथं आहे. माझ्यासमोर. मी बघतेय त्याला."

मग म्हातारीनं फोन तोंडाजवळ घेतला असावा, कारण आवाज एकदम कानाशी आला. समजूत घालणारा, थोडा दयेचा.

"सांभाळ हो त्या आजारी माणसाला, पोरी. बिचारा... कुणाचा कोण असेल."