उजवं मागचं चाक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मध्ये खुसखुसायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो चष्मेवाला माझ्या शेजारच्या दुकानात बसायचा. त्याने स्वतःच मला हे सांगितलं.

माणूस सज्जन, पण संशयी नंबर एक. स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागेल असा. कुलूप लावलं की तीनदा ओढायचं. बायको घरात असली तरी रात्री बाहेर पडताना दाराला बाहेरून कुलूप ठोकायचं. आम्ही त्याला 'खातरजमा' म्हणायचो.

त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, गाड्यांचा मिस्त्री होता. हातात जादू होती त्याच्या. खातरजमाची गाडी तोच बघायचा. एकदा त्याने उजव्या मागच्या चाकाचा सिलिंडर बदलला. हा सिलिंडर चाकामागच्या ड्रमच्या, म्हणजे गोल लोखंडी डब्याच्या आत असतो, अंगठ्याएवढा. पायडल दाबलं की तोच ब्रेक चाकाला नेऊन भिडवतो. खातरजमाने चार माणसांत मिस्त्रीला तोंडावर सांगितलं, "नवा म्हणून जुनाच बसवलायस तू." मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि निघून गेला. पुन्हा बहिणीच्या दारात पाऊल टाकलं नाही. वर्षाच्या आत आजारपणात गेला. बायकोने त्या विषयावर नवऱ्याशी बोलणंच सोडलं, आणि हा त्यानंतर कुणालाच गाडीला हात लावू देईना.

तर, थंडीतला शनिवार. दुसऱ्या दिवशी पहाटे लेकीला आणि नव्या नातवाला दवाखान्यातून आणायचं होतं. वाटेत एक लांबलचक उतार. संध्याकाळी हा पाहतो तर दोन्ही मागच्या चाकांतून ब्रेक ऑइल पाझरतंय. लगेच बाजारात जाऊन दोन नवे सिलिंडर घेऊन आला.

"बघ! जुनाच होता म्हणत होतो की नाही?"

"अहो, इतक्या वर्षांत नवाही जुना होतो," बायको म्हणाली. किती तरी दिवसांनी ती यावर बोलत होती. "भाड्याच्या गाडीने आणू तिला."

"भलत्याच्या गाडीत माझा नातू? नाव काढू नकोस."

अंगणातल्या शेडमध्ये त्याने गाडी टेकूंवर चढवली. जाणकार मिस्त्री आधी एकच बाजू उघडतो. दुसरी तशीच ठेवतो, म्हणजे कुठली स्प्रिंग कुठे जाते ते बघता येतं. याने घाईत दोन्ही ड्रम काढले आणि पस्तावला. डावं चाक कसंबसं जमवलं. उजव्याची एक स्प्रिंग ताणताना अशी सटकली की थेट गटारात.

तोवर दहा वाजून गेले होते. बायको झोपली होती. याने घराला बाहेरून कुलूप घातलं, तीनदा ओढलं, गाडीही लॉक केली. उरलेला नवा सिलिंडर डबीसकट खिशात टाकला, न जाणो कुणी लांबवला तर! आणि सायकल काढून स्पेअरपार्टवाल्याच्या घरी गेला.

तो बिचारा डोळे चोळत बाहेर आला. स्प्रिंग देताना म्हणाला, "मेव्हणा असता तर तुमच्यावर ही पाळी आली असती का, सांगा बरं?"

खातरजमाने स्प्रिंग खिशात टाकली आणि सायकल वळवली.

परत आला तर शेडमधला दिवा तसाच. पण कागदावर मांडलेले सुटे भाग नव्हते. उजव्या चाकावर ड्रम चढलेला होता.

भीती नाही वाटली त्याला. राग आला. कुणीतरी चेष्टा केली, जुनाच सिलिंडर आत कोंबला! खिसा चाचपला. डबी होती, न फोडलेली. त्याने ड्रम ओढला. हलेना. हॅन्डब्रेक लागलेला असला की ड्रम निघत नाही, पण तो तर यानेच खाली केला होता. गाडी उघडून पाहिलं. दांडा वर होता.

खाली केला. मागे येऊन ड्रमला हात घातला.

कर्र... कर्र... कर्र...

गाडीच्या आतून.

"कोण आहे?"

बॅटरी मारली. सीट रिकामी. दांडा पुन्हा वर. त्याने तो खाली दाबला आणि तसाच धरून ठेवला. तळहाताखाली दांडा उचलला गेला. सावकाश. हातासकट.

पळून जावंसं वाटलं. पण पहाटे तान्ह्या पोराला त्या उतारावरून आणायचं होतं. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय... नाही.

"मिस्त्री..." तो रिकाम्या सीटला म्हणाला. "तुला साधं विचारलंही नाही मी. सरळ चोर ठरवलं. चुकलं माझं... लेकराचा प्रश्न आहे. बघू दे."



मग खट्कन दांडा खाली पडला.

ड्रम अलगद हातात आला. आत कोरा करकरीत सिलिंडर. सगळ्या स्प्रिंगा जागच्या जागी. गटारात गेलेलीसुद्धा.

आता नीट ऐका. सिलिंडर बदलला की आत हवा शिरते. ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही, पायडल नुसतं खाली जातं. आणि हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून पायडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचा. खातरजमाने ड्रम चढवला, सीटवर बसला, भीत भीत पाय ठेवला.

पायडल दगडासारखं घट्ट.

हवा निघालेली होती. दोन्ही चाकांची.

चाकापाशी मिस्त्री बसला असेल, मानू. पण मग गाडीत...?

तो रात्रभर तिथेच बसून राहिला. पहाटे कुलूप काढलं, बायकोला घेऊन निघाला. येताना उतारावर समोरचा ट्रक एकाएकी थांबला. याने पाय दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागच्या सीटवर पोराची झोपसुद्धा मोडली नाही.

घरी आल्यावर बायको नातवाला मांडीवर घेऊन, एक पाय लांब करून बसली. डोळे सुजलेले, पण चेहरा कधी नव्हे इतका निवांत. खातरजमाचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं.

उजवा तळवा. त्यावर आडव्या लाल रेघा... दाबून दाबून उमटलेल्या. पायडलच्या रबरावर असतात ना, तशा.

घराच्या कुलपाची किल्ली रात्रभर त्याच्याच खिशात होती.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो विचारायला तोंड उघडणार होता...

तिने चादर ओढून पाय झाकून घेतला.